तीन हौद धान

या, असे पुढं सरकून बसा. बुवा अजून फेटा बांधताहेत, तोवर एका सकाळची गोष्ट सांगतो. लहानशी आहे. ऐकून घ्या, मग टाळ हातात घ्या.

सकाळचे सात वाजले होते. सडक अर्जुनीच्या पलीकडं छोटेलाल सेठच्या राईस मिलच्या फाटकात एक जीप येऊन थांबली. हायवेनं आली असती तर ढाब्यावरून सेठना फोन आला असता आणि जीप पोचेपर्यंत बॉयलर थंड झाला असता. आधी दोनदा तसंच झालं होतं. या वेळी ती प्रतापगडाकडच्या कच्च्या रस्त्यानं आली, धुळीनं माखून.

जीपमधून दुर्गेश्वरीबाई उतरल्या. राज्याच्या प्रदूषण मंडळाच्या अधिकारी. त्यांनी मान वर करून चिमणीकडं पाहिलं. कोंडा जळत होता, धूर काळाकुट्ट निघत होता.

"खेमराज, बॉयलर बंद कर," सेठ म्हणाले.

बॉयलरवरचा खेमराज जागचा हलला नाही. त्यानं हौदाकडं पाहिलं. कठड्यावर रुख्मा उभी होती. दहा वर्षं ती इथं धान भिजवायचं काम करत होती. रात्रभर तीन हौद भरून धान भिजलं होतं, पहाटे तिनं पाणी सोडून दिलं होतं. उसन्या, म्हणजे उकड्या तांदळाचं असंच आहे. भिजलेल्या धानाला वेळेत वाफ द्यावी लागते. नाही दिली तर ते आंबतं, आणि त्याच्या तांदळाला कोणी हात लावत नाही.

"सेठ, धान फुगून राहिलं," रुख्मा म्हणाली. "बंद कराचं असन तर करा. दुपारपावतो वास सुटन."

तीनशे पोती होती. सेठनी एकदा हौदाकडं पाहिलं, एकदा चिमणीकडं.

"राहू दे चालू," ते हळूच म्हणाले.

दुर्गेश्वरीबाईंनी कागद पुढं केला. "चिमणीचा नमुना घ्यायची नोटीस. इथं सही करा."

"मॅडम, पहले चाय तो लीजिए."

"नमुना झाल्यावर घेईन."

सेठनी कागद उलटसुलट केला. "हा कायदा तर दिल्लीचा म्हणतात. मग दिल्लीवाल्यांनी यावं. तुम्ही काऊन एवढ्या धुळीत?"

"किती धूर चालेल ते दिल्लीनं ठरवलं. तपासायचं काम राज्याकडं सोपवलं. राज्यानं मला पाठवलं."

"म्हणजे सांगणारा एक अन् येणारा दुसराच." सेठ हसले. "असा कुठं कायदा राहते का?"

"राहते ना, सेठ." रुख्मा हौदावरूनच बोलली. "सप्त्यात तुम्ही दरसाल पुढंच बसता. बुवा काय सारा अभंग एकटेच गाते? बुवा ओळ सोडते, मागचे उचलते. मागच्यांनी नाही उचलली तर कीर्तन उभं राहीन का?"

खेमराजनं हसू लपवायला तोंड फिरवलं. सेठचं हसू मात्र गेलं. मागच्या रांगेत ओळ उचलणारा होता रुख्माचा नवरा, केवळराम. वीस वर्षं त्याचा आवाज गावानं ऐकला. त्याचं घर या चिमणीच्या सावलीत. त्या वर्षीच्या सप्त्यात अर्ध्या ओळीवर त्याला खोकल्याची ढास लागली, ती थांबेना. टाळ मांडीवर ठेवून तो खाली बसला होता. सेठनी तेव्हा मागं वळून पाहिलं होतं.

त्यांनी सही केली.

दुर्गेश्वरीबाई पेटी खांद्याला अडकवून लोखंडी शिडी चढल्या. धूर गाळायची पांढरीशुभ्र कागदी पुंगळी चिमणीत गेली आणि बऱ्याच वेळानं काळी होऊन बाहेर आली. खाली येऊन त्यांनी ती डबीत ठेवली, लाखेची मोहर लावली आणि डबीवरही सेठची सही घेतली.

मग सेठ रुख्माकडं वळले. "काल तीन हौद भराले कोनं सांगतलं?"

"तुम्हीच. सोमवारी ट्रक येते म्हणाले."

"अन् मॅडमले?"

खेमराजचं फावडं थांबलं. रुख्मानं ओले हात लुगड्याला पुसले. गावात दुसरी मिल नव्हती.

"मी सांगतलं," ती म्हणाली. "हौद भरले अन् फोन केला."

सेठ हौदाशी गेले, वाकून एक दाणा उचलला आणि दाताखाली धरला. रोज पहाटे रुख्मा धरायची तसा.

"बरोबर भिजलं," ते म्हणाले. "खेमराज, मागं ताडपत्रीखाली धूळ पकडाचं यंत्र पडून आहे. एवढं धान निघालं की ते मोकळं कर. रुख्मा, ते बसतवरी एकही हौद भरू नको. मजुरी चालू राहीन."

"यंत्र बसवा, चांगलंच आहे," दुर्गेश्वरीबाई म्हणाल्या. "पण अहवाल जाईल तो आजच्याच नमुन्याचा."

"जाऊ द्या."

"मग आता चहा आणा."

ही झाली त्या सकाळची गोष्ट. चला, बुवा उभे राहिले. ते ओळ सोडतील तेव्हा मागच्या रांगेत डावीकडून तिसरा बघा, तो केवळराम. आता पुरी ओळ उचलतो. रुख्मा तुम्हाला मंडपात दिसणार नाही. हौद भरायची वेळ हीच, ती मिलवर असते. केवळरामचा आवाज वर चढला की तेवढी तिची आठवण करा.