अनीसाचा आवडता नेता

“आता बोलतील अनीसा तौहीद,” असं भोंग्यातून ऐकू आलं आणि नसीमबानोनं सुनेच्या मांडीवरचं लेकरू पटकन आपल्याकडे ओढलं. “जाय. मौलाना आझादचं नाव घेजो. समोर शिकेल बाई बसली आहे, घराची इज्जत ठेवजो,” ती सुनेच्या कानाशी पुटपुटली. अनीसा उठली. उठताना तिनं पुढच्या खुर्चीची पाठ धरली आणि जरा वेळ तशीच उभी राहिली.

बाळापूरच्या शाळेच्या पटांगणात सव्वीस जानेवारीचा महिला मेळावा भरला होता. बायांनी आपला आवडता राष्ट्रीय नेता निवडायचा आणि दोन शब्द बोलायचे. सुंदराबाईनं बाबासाहेबांचं नाव घेतलं आणि बोलता बोलता रडली. चतुराबाईनं इंदिराबाईंचं घेतलं. कारण काय, तर ती बाई कोण्या पुरुषाच्या बापाले भ्याली नाही! सारा मांडव हसला. नसीमबानोला मात्र हसू येईना. तिचं सगळं ध्यान परीक्षकांच्या खुर्चीकडे होतं.

त्या खुर्चीत अकोल्याच्या सफिया मॅडम होत्या. मुख्याध्यापिका बाई, मुलगा एकुलता एक, नोकरीवाला. त्या मुलासाठी त्यांनी नसीमबानोची धाकटी, उज्मा, पाहून ठेवली होती. पोरगी पसंत होती. घर कसं आहे, तेवढं आज बघायचं होतं.

आणि घर कसं होतं म्हणता? नसीमबानोचा नवरा अब्दुल गफ्फार जातीचा पिंजारी. लग्नसराईत गाद्या-रजया भरता भरता बापलेकांना जेवायला फुरसत नसायची. मग कापूस मातीमोल झाला. खेड्यांतली लग्नं चार माणसांत उरकू लागली. काही घरांत तर लग्नाच्या आधी मयतच व्हायला लागली, आणि मयतीसाठी कोणी नवी गादी भरत नाही. पिंजायच्या यंत्रावर धूळ बसली. हे अकोल्याला कळलं की उज्माचं लग्न बोंबललं, एवढं नसीमबानोला पक्कं ठाऊक होतं.

म्हणून सकाळी मॅडम घरी आल्या तेव्हा तिनं शेजारून कपबशा आणल्या, चहा केला, बिस्किटं मांडली. अनीसानं बशीकडे एकदा पाहिलं. तिचा हात पुढे येतोय असं वाटताच सासू घाईनं म्हणाली, “तिचा रोजा आहे. सोमवार-गुरुवार सोडत नाही. लेकरू अंगावर पिते, तरी बी नाही!”

सफिया मॅडमचे डोळे भरून आले. “अहो आपा, अंगावर पाजणाऱ्या बाईला तर रमजानचेसुद्धा माफ असतात. ज्या घरात अशी सून आहे, त्या घरची मुलगी मी डोळे झाकून नेईन.”

नसीमबानोचा जीव भांड्यात पडला. हेच कौतुक ती वर्षभर मोहल्ल्यात सांगत फिरत होती. आधी सोमवार-गुरुवारचे रोजे, मग पुनवेच्या आसपासचे तीन, मग मागचे राहून गेलेले. बाया मुद्दाम अनीसाकडे दुआ मागायला यायच्या. एवढं नाव झाल्यावर त्या पोरीनं कोणासमोर भाकर मोडायची तरी कशी?

अनीसा माइकसमोर उभी राहिली. ओठ कोरडे पडलेले. मौलानांचं नाव काही तिच्या तोंडून निघेना.

“मले गांधीजी आवडतात,” ती म्हणाली. “कावून तं, त्यायनं जेवन सोडलं का साऱ्या देशाचा जीव खालीवर होये. मोठमोठे लोक येऊन हात जोडत. बापू, खा म्हनत. दोन घास तरी खा म्हनत. मानसाले खा म्हननारं कोनी असलं पाह्यजे. बस, एवढंच.”

टाळ्या सुरू झाल्या आणि मधेच विरल्या. नसीमबानोच्या मांडीवरचं लेकरू तिच्याच ओढणीत तोंड घासू लागलं. त्याला भूक लागली होती, पण रडायचाही जोर त्याच्यात नव्हता. नसीमबानोनं इतक्या दिवसांत पहिल्यांदा त्याच्या मनगटाकडे नीट पाहिलं आणि तिला स्वतःची किळस आली.

सफिया मॅडम खुर्ची सोडून खाली आल्या. अनीसाला हाताला धरून त्यांनी सासूजवळ आणून बसवलं. आवाज खाली आणून त्यांनी विचारलं, “आपा, हिला आज रोजाच आहे ना?”

नुसती मान हलवायची होती. वार गुरुवारच होता. मागच्या रांगेत उज्मा नवा दुपट्टा मुठीत घट्ट धरून बसली होती. पोरीचं अख्खं आयुष्य त्या एका होकारावर टांगलेलं, आणि नसीमबानो लेकराचं मनगट चाचपत राहिली.

तेवढ्यात अनीसाच बोलली. “हो मॅडम, रोजाच आहे. अम्मी खरं सांगून राह्यल्या.”

नसीमबानोनं लेकरू सुनेच्या ओटीत ठेवलं. मागे उज्माकडे तिला बघवेना.

“खोटं बोलते पोरगी,” ती म्हणाली. “रोजा नाही, बाई. कवाच नव्हता. रोज सांजच्याले डब्यातलं पीठ म्याच काढून देल्लं. तिच्या वाट्याचं सोडून.”