धोकादायक तुळई

लेकराच्या आधी सुंदराबाई स्वतः पाळण्याच्या दोराला लटकल्या. साठीतली भक्कम बाई. पाय जमिनीवरून उचलून, लुगडं सावरत, समाजमंदिराच्या मधोमध झुलल्या. वरची सागवानी तुळई हूं की चूं करेना.

"पाह्यलं?" त्या सुनेला म्हणाल्या. "मले उचललं तिनं. तुहं लेकरू त् मांजरीच्या पिल्लाएवढं."

नीलमचं समाधान झालं नाही. तिनं मोबाइलचा उजेड तुळईच्या दोन्ही टोकांवर टाकला, जिथं ती भिंतीत शिरते तिथवर. वाळवीची माती दिसत नव्हती. काठीनं ठोकून पाहिलं. आवाज भरीव होता. हे सगळं तिनं काल संध्याकाळीही केलं होतं. मुलगी झाल्यापासून ती गॅसचं बटणसुद्धा परत परत पाहायची.

बाहेर इमारत पाडायला आलेला जेसीबी उभा होता. दाराजवळ काल ठोकलेली पाटी होती : 'इमारत धोकादायक. आत प्रवेश करू नये.' छप्पन सालच्या धम्मदीक्षेनंतर वस्तीतल्या बायांनी डोक्यावर विटा वाहून हे समाजमंदिर उभं केलं होतं. तेव्हापासून वस्तीतल्या प्रत्येक लेकराचा पहिला पाळणा याच तुळईला. नीलमच्या मुलीचं नामकरण रविवारी होतं. पाटी वाचली आणि तिनं ते आजच ठरवलं.

नवऱ्याचा, धर्मपालचा, नांदगाव पेठच्या मिलमधून फोन आला. "मले सुट्टी नाही भेटत. अन् तू लेकराले त्या लाकडाले टांगतं?"

"मी पाहून घेतलं," ती म्हणाली. फोन ठेवला आणि पुन्हा वर पाहिलं.

मग तिनं मुलीला पाळण्यात ठेवलं. हात बाहेर काढायला तिला वेळ लागला.

बायांनी त्रिशरण म्हटलं. नणंद साधना नाव सांगायला बाळाच्या कानाशी वाकली. तिच्या पाठीत गुद्दे घालायला बाया पदर खोचून सरसावल्या, तोच दारातून नगरसेवक नितेशचा आवाज आला.

"काय लावलं वो काकू हे? काल सांगतलं न, खाली करा म्हणून! छत पडन अंगावर!"

"पडू दे," सुंदराबाई म्हणाल्या. "तू काहून भेतं? तू त् बाहीर उभा हायेस."

"तुमच्याच जिवासाठी बोलून राहिलो. खाली दुकानाचे गाळे निंघतीन, वरतं तुमाले चकाचक हॉल. आन् इंजिनिअरनं लिहून देल्लं, तुळई सडली. आता पडते का मंग पडते!"

"इंजिनिअर आत आलता?" नीलमनं विचारलं. "मी समोरच राह्यतो. तो गाडीतून उतरला, फोटो काढला अन् गेला."

"वहिनी, तुमी शिकलेल्या बाई. पह्यले लेकरू उचला."

"नाही उचलत."

नितेश तरातरा आत आला. बायांमधून वाट काढत पाळण्यापाशी पोचला आणि कंबरेवर हात ठेवून उभा राहिला. कायदा काय म्हणतो ते सांगितलं. पोलीस बोलवावे लागतील हेही सांगितलं. मध्येच त्याचा फोन वाजला. एक हात पाळण्याच्या दोराला टेकून तो तिथंच बोलत राहिला. "हो, हो साहेब. बाया हायेत जराशा. आत्ताच काढतो. चालूच करतो." पलीकडून कुणीतरी काही गमतीचं बोललं असावं. तो हसलासुद्धा.

नीलम त्याच्याकडे पाहत होती.

"नितेशभाऊ," त्यानं फोन खिशात ठेवल्यावर ती म्हणाली, "तुमी कुठी उभे आहा?"

"कुठी म्हंजे?"

"बरोबर तुळईखाली. आल्यापासून तुमी एकडाव वर पाह्यलं नाही. मी माय आहो हिची. कालपासून वरच पाहून राहिली, मान दुखून आली माही. लाकूड सडलं असं ज्याले खरंच वाटते, तो त्याच्याखाली उभा राहून फोनवर हासत नाही."

बाहेर जेसीबीचं इंजिन घरघरत होतं.

आणि मग नितेशनं वर पाहिलं.

"आता पाह्यते!" मागून एक म्हातारी म्हणाली. बाया खदखदून हसल्या. हसण्यानं दचकून पोरगी रडायला लागली, लालबुंद होऊन, हातपाय झाडत. नितेश दाराकडे वळला, पण नीलम वाटेतून हलली नाही. तिनं दोर त्याच्या हातात दिला.

"जाता कुठी? भाऊ म्हणलं तुमाले, मामा आहा तुमी तिचे. झोका द्या."

तो दोर धरून उभा राहिला. पोरगी किंचाळत होती. बाया त्याच्या हाताकडे पाहत होत्या. शेवटी त्यानं दोर ओढला. पाळणा गेला, आला. परत गेला. तो ओढत राहिला. रडणं हळूहळू हुंदक्यांवर आलं, मग तेही विरलं.

जेसीबीवाला दारात येऊन उभा राहिला. "साहेब, करू काय पाडाले चालू?" त्यानं मोठ्यानं विचारलं.

नितेशनं दोर सोडला नाही.

"हळू बोल ना बे," तो म्हणाला. "लेकरू झोपून राहिलं."