सरकारांनी दिलेलं घड्याळ

घड्याळजीनं पाठीमागचं झाकण काढलं, भिंग डोळ्याला लावलं आणि मान हलवली.

“महाराजांच्या वखतचं नाय, बेन. त्या वखतच्या घड्याळाला रोज चावी द्यायला लागते. आ तो ऑटोमॅटिक छे.”

आत अर्ध्या चंद्रासारखा एक जड पत्रा होता. त्यानं चिमटा टेकवला तसा तो पाळण्यासारखा झुलला. हात हलला की हा हलतो, हा हलला की घड्याळ चालतं, त्यानं समजावलं. हातातून काढून ठेवलं की एक-दोन दिवसांत थांबतं. मग त्यानं आतला नंबर पाहिला. “साठ-बासष्टचं.”

नीरानं नुसतं “बरं” म्हटलं.

बडोद्यातल्या मराठी घरात सरकारांनी, म्हणजे महाराजांनी, दिलेली एक तरी वस्तू असतेच. कुणाकडे पानदान, कुणाकडे तीन पायांवर उभी खुर्ची. नीराच्या माहेरी हे घड्याळ होतं. पाहुणा आला की बाबा मनगट पुढे करायचे. “सरकारांनी स्वतः आमच्या वडिलांच्या, आबांच्या हातात बांधलं.” पाहुणा वाकून बघायचा. आई आत चहाला आधण ठेवायची.

उत्तरायणाला, सगळ्या गच्च्यांवर पतंगांचा गलका चालू असताना, बाबा गेले. आई रडली नाही. तेराव्यानंतर तिनं त्यांचे सदरे घडी घालून सोसायटीच्या वॉचमनला दिले, चष्मा देवळातल्या पेटीत टाकला. नीरा तिच्यापाशी मांजलपूरच्या फ्लॅटवर राहायला आली. रोज स्कूटरवरून अलकापुरीला बँकेत जायची, संध्याकाळी यायची. दोघी जेवायच्या, भांडी विसळायच्या. जात्यात दाणे पडावेत आणि जातं फिरूच नये, तसे शब्द त्या घरात पडून राहायचे. नीरालाही रडू आलं नव्हतं. आपल्याला काही वाटत नाही, एवढंच तिला वाटायचं.

चैत्रात बाबांचे धाकटे भाऊ, जयसिंगकाका आले. त्यांच्या मुलाचं, गजेंद्रचं लग्न ठरलं होतं.

“आबांची वस्तू आहे, वहिनी. घराण्याची. दादांना मुलगा नाही. तुमच्याच हातानं गजेंद्रला आहेर करा.”

“न्या,” आई म्हणाली. कुणी वाटीभर साखर मागावी आणि द्यावी, तशी.

“आधी साफ करून आणते,” नीरा मध्येच बोलली. आबांचं असेल तर जाऊ दे. बाबांचं स्वतःचं असेल तर का द्यायचं? आज सकाळी तिनं ते कपाटातून काढलं. काटे बरोबर वेळ दाखवत होते. तिच्या मनगटावरचं सेलवालं घड्याळही बरोबर वेळ दाखवत होतं. घड्याळं चालतातच. तिनं ते पर्समध्ये टाकलं.

घड्याळजीनं झाकण बसवलं आणि घड्याळ कानाशी नेलं.

“कोण घालतं हे?”

“कुणी नाही. तीन महिने कपाटात आहे.”

त्यानं तिच्याकडे बघितलं. “तो पछी चाले छे केम?”

मग ते चालतं कसं? त्याचंच काहीतरी चुकत असेल, असं म्हणत तिनं स्कूटरला किक मारली.

घरी काका येऊन बसले होते. पुढ्यात पेढ्यांचा बॉक्स, शेजारी घड्याळासाठी आणलेली मखमली डबी.

“काय म्हणतो तुझा घड्याळजी? सरकारांच्या वस्तूला हात लावताना कापला असेल बिचारा!”

“काका, ते घड्याळ...” नीरा बोलू लागली आणि थांबली. समोर भिंतीवर आई-बाबांच्या लग्नाचा फोटो होता. खाली साल होतं, बासष्ट. नव्या नवऱ्यासारखे ताठ उभे बाबा, आणि त्यांचा घड्याळ बांधलेला डावा हात उगाच पुढे आलेला. जावयाला घड्याळ सासरा देतो. हे आजोबांनी दिलेलं, आईच्या वडिलांनी. सरकारांच्या नावावर बाबांनी ते जन्मभर मिरवलं आणि आईनं दर वेळी आधण ठेवलं.

तिनं आईकडे पाहिलं. आई चहाचा ट्रे घेऊन दारात उभी होती. तिनं हळूच मान हलवली. नको. धाकट्या भावासमोर त्यांना खोटं पाडू नकोस.

नीरानं पर्स पोटाशी धरली. आतली टिकटिक काकांना ऐकू जाईल असं तिला वाटलं.

“ते घड्याळ बंद पडलंय, काका. आतला पार्ट गेला. आता मिळत नाही म्हणे.”

“बंद?” काकांनी मखमली डबी मिटली. “अगं, लग्नात बंद घड्याळ कसं द्यायचं? शुभ दिसतं का ते?” चहा त्यांनी दोन घोटांत संपवला. “राहू दे मग. दादांची आठवण म्हणून ठेवा, वहिनी. पोराला नवंच घेतो. सेलवालं.”

काका जिना उतरले. नीरानं दार लावलं आणि हसत वळली. आता आईला खरं सांगायचं होतं, घड्याळ चालू आहे.

आई ट्रे हातात धरून तिथंच उभी होती. तीन महिने कोरडे राहिलेले डोळे भरून वाहत होते.

“असं कसं गं बंद पडेल? तू बँकेत गेलीस की रोज हातात घालते मी.”