आडवे धोंडे

बासिलिया पळतच रस्त्यात आडव्या रचलेल्या धोंड्यांपाशी पोचली. पलीकडे ट्रक उभा होता आणि ट्रकात तिची लेक निल्दा कण्हत होती. मूल आडवं आलं होतं. शहरातल्या दवाखान्यात नेल्याशिवाय गत्यंतर नव्हतं.

"संतूसा, ट्रक सोड. माझी पोर आहे गं."

धोंड्यांवर बसलेल्या बायका भूक मारणारी कोकाची पानं चघळत राहिल्या. सरकार पाडायला रस्ते अडवायचे ठरले, तेव्हा आपल्याच गावाशी बसू नका, माया आड येते, एका गावाने दुसऱ्याचा रस्ता धरावा, ही अक्कल बासिलियाचीच. पुढाऱ्यांची अक्कल अशीच, दुसऱ्याचं पोट दुखतं तोवर पक्की.

संतूसा उठलीसुद्धा नाही. "माझ्या बापाच्या छातीत कळ आली, तेव्हा तुझ्या धोंड्यांपाशी नेला होता त्याला. काय म्हणालीस?"

एकाला सोडलं की शंभर येतील, असं बासिलिया म्हणाली होती. म्हातारा तिथेच गेला.

"त्याचं वय झालं होतं. ही बाळंतीण आहे!"

"वय झालं होतं, खरंय. म्हणून तर त्याला पुरला आणि इथं येऊन बसले. तुझाच हुकूम होता ना, ताई?"

बासिलियाने डोक्यावरची टोपी काढून संतूसाच्या पायाशी ठेवली. कुठल्या जमीनदारापुढे ती कधी काढली नव्हती. ट्रकातून निल्दाची किंकाळी आली. बायकांनी माना वळवल्या.

तेवढ्यात रेडिओ ओरडू लागला. राष्ट्राध्यक्ष पळाला! आजूबाजूचे देश एकेक करून डाव्यांच्या हाती आलेच होते, आता हाही आला. शिंगं फुंकली गेली, बायका एकमेकींच्या गळ्यात पडून नाचू लागल्या. बासिलिया एकटीच नखं मोडत धोंडे ढकलत होती.

शेवटी संतूसा ओरडली, "चला गं, रस्ता मोकळा करा! आता आपलंच राज्य!"

वाट झाली तरी ट्रक हलेना. जावई खाली उतरला.

"राहू द्या, आई," तो म्हणाला. "आता घाई नाही."

मागून बायका धावत आल्या. जिंकलेल्या पुढाऱ्यावर रंगीत कागदाचे कण उधळायची चाल. बासिलियाच्या उघड्या डोक्यावर त्यांनी ते मुठी भरभरून उधळले.

शेवटची मूठ संतूसाची होती.