टेबलाखालची जाळी

खुर्ची मागायची नाही, असं तिनं ठरवलं होतं. पण उभं राहून फार वेळ झाला होता, आणि कानात बारीक घूंऽऽ सुरू झालं होतं.

लॉन्ड्रीतल्या कामगारांच्या जेवणाच्या खोलीत चौकशी चालली होती. टेबलामागे चौकशी अधिकारी बाई, त्यांच्या शेजारी मालकांचा वकील, भिंतीशी मुकादम. समोरच्या बाकावर मावशी, उजवा हात कोपरापर्यंत पट्ट्यांत. चादरींना इस्त्री करणाऱ्या रोलरनं तो हात आत ओढला होता. काम भराभर उरकावं म्हणून रोलरपुढची जाळी मुकादमानं त्या दिवशी काढून ठेवली होती. आता मुकादम म्हणत होता, जाळी जागेवरच होती, मावशीनंच नको तिथे हात घातला.

ती चादरींच्या घड्या घालायची, म्हणून सगळे तिला घडीवाली म्हणायचे. काढलेली जाळी तिनं पाहिली होती. तिच्याआधी बॉयलरवाल्या काकांची साक्ष झाली. वकिलानं त्यांना फार काही विचारलंच नाही. "काका, चष्मा घरी विसरायची सवय आहे का?" एवढंच. काका भोळे. "कधीमधी विसरतो," म्हणाले, आणि त्यांचं सगळं सांगणं पाण्यात गेलं.

"तुमचं टेबल खिडकीशी," वकील आता तिला म्हणाला. "रोलर दुसऱ्या टोकाला. मध्ये कपड्यांच्या ट्रॉल्या, त्यावर माणसाच्या उंचीचे ढीग. मग पलीकडच्या टेबलाखाली ठेवलेली जाळी तुम्हाला दिसली कशी?"

उत्तर तिच्या ओठांवर होतं. पण ते दिलं की पुढचा प्रश्न येणार, आणि पुढचं तिनं अजून नवऱ्यालाही सांगितलं नव्हतं. मागच्या वेळी कळल्या कळल्या तिनं अख्ख्या लॉन्ड्रीत गोड वाटलं होतं. मग महिनाभरात त्याच माणसांना एकेक करून सांगत फिरावं लागलं होतं, की नाही, राहिलं नाही. म्हणून या वेळी तोंडाला कुलूप.

"सांगा ना बाई. कशी दिसली?"

वकिलाचा आवाज विहिरीतून आल्यासारखा आला. खोली कडेकडेनं काळी होत गेली. तिनं टेबलाकडे हात नेला, पण टेबल सापडायच्या आत गुडघे मोडले.

डोळे उघडले तेव्हा ती फरशीवर होती. पायांखाली कुणीतरी चादरींचं गाठोडं सरकवलं होतं. अधिकारी बाई वाकून तिच्या तोंडावर पाणी शिंपडत होत्या. तिचा हात आपोआप ओटीपोटाकडे गेला. दुखत नव्हतं. निदान आत्ता तरी नाही.

"अशी चक्कर नेहमी येते का तुम्हाला?" वकिलानं विचारलं. अगदी मायेनं.

तिनं मावशीकडे पाहिलं. मावशीनं बाळंतपणं काही कमी पाहिली नव्हती. तिच्या केव्हाच ध्यानात आलं असावं. मावशी मान हलवत होती. नको. बोलू नकोस.

"येते," घडीवाली पडल्या पडल्या म्हणाली.

"त्या दिवशीही आली होती?"

"आली होती."

वकिलानं फाईल मिटायला घेतली. "म्हणजे डोळ्यांपुढे अंधारी आलेल्या बाईनं—"

"अंधारी आली म्हणूनच खाली बसले मी." ती कोपरावर उठली. "वाफेनं गरगरायला लागलं, तशी भिंतीला टेकून फरशीवर बसले. जरा वेळानं नजर ठिकाणावर आली. ट्रॉल्यांना चाकं आहेत ना साहेब. खाली बसलं की चाकांमधून पलीकडचं सगळं दिसतं. जाळी टेबलाखाली आडवी होती. तिच्यावर मुकादमांचा जेवणाचा डबा होता."

मुकादम छताकडे बघायला लागला.

"चक्कर कशानं येते?" अधिकारी बाईंनी हळूच विचारलं.

दारात बायका दाटीवाटीनं उभ्या होत्या. तिनं डोळे मिटून घेतले.

"दिवस गेलेत मला."

अधिकारी बाई उठून थेट कामाच्या हॉलमध्ये गेल्या. मागोमाग सगळे. कडक इस्त्रीच्या कपड्यांनिशी बाई ओल्या फरशीवर फतकल मारून बसल्या, भिंतीला टेकल्या आणि वाकून ट्रॉल्यांच्या चाकांमधून पलीकडे पाहू लागल्या.

"दिसतं," त्या म्हणाल्या. "मुकादम, या. बसा माझ्या शेजारी."

मुकादम जागचा हलला नाही.

थोड्या वेळानं लॉन्ड्रीच्या मागच्या पायरीवर घडीवाली गुडघ्यांत डोकं घालून बसली होती. मावशी येऊन शेजारी टेकली.

"वेडी आहेस तू. मी मान हलवत होते ते काय माशा वारायला?"

"मावशी, सगळ्यांना कळलं आता. पुन्हा तसंच झालं तर? पुन्हा एकेकाला..."

नाही गं, तसं काही होणार नाही, असं काही मावशी म्हणाली नाही.

"झालंच, तर मी सांगीन एकेकाला," ती म्हणाली. "तू घरी पडून राहायचं. आता ऊठ. दुसऱ्या कुणाकडून कळायच्या आत नवऱ्याला गाठ. आणि पळू नकोस."

घडीवाली उठली. फाटकापर्यंत कुंपणाची भिंत होती, तिला हात लावत लावत गेली. पुढे भिंत नव्हती. ती क्षणभर थांबली, आणि मग निघाली.