म्हाताऱ्या राजाची चाल

"तुमच्यात राजा थकला की त्याला मारतात ना?" वेंडलरने विचारलं.

पाहुण्याला द्यायचं कडवट कोला फळ सोलता सोलता बिनलाचा हात थबकला. राजा लुकोंगची ती धाकटी बहीण. पाहुण्यांशी राजघराण्याच्या वतीने तीच बोले. हा जर्मन पंडित मुखवटे गोळा करत, चालीरीती विचारत टेकडीवरच्या या गावात राहिला होता. बोलीही शिकला होता. टेकडीच्या पायथ्याला मात्र त्याच्याच देशाचा कप्तान वेढा घालून बसला होता. राजाने वेठबिगारीला माणसं द्यायचं नाकारलं होतं. उजाडेपर्यंत राजाला हवाली करा, नाहीतर गाव पेटवतो, असा कप्तानाचा निरोप होता.

"कुणी सांगितलं तुला?"

"सांगायला कशाला हवं? संस्कृती जिवंत असते, बाई. ती माणसाला झपाटते. राजा थकला की भूमी थकते. म्हणून नव्या कापडाने त्याचा गळा आवळतात. मग त्याचं तोंड कुणी पाहायचं नाही. या साऱ्या डोंगरांत हीच चाल असणार!"

बिनलाने फळाची फोड त्याच्या हातावर ठेवली. "तुझ्यापासून काय लपवायचं, बाबा?"

ती तडक भावाकडे गेली. पंडित काय म्हणाला ते तिने म्हाताऱ्याला सांगितलं.

"म्हणजे मला मरायलाच हवं."

"हो, दादा."

"गाव जळण्यापेक्षा बरं." त्याने गळ्यातली बिबट्याच्या दातांची माळ उतरवून तिच्या हातात दिली.

पहाटे मरणाचे ढोल वाजले. बायकांनी हंबरडा फोडला. बिनलाने डोकं भादरलं होतं. नव्या कापडाचं लांब गाठोडं खड्ड्यात उतरलं, तेव्हा वेंडलर टोपी काढून उभा होता. त्याचे डोळे भरून आले होते.

तोच खाली जाऊन कप्तानाला म्हणाला, "तुमचा गुन्हेगार गेला. त्यांच्या चालीने गेला. मी या डोळ्यांनी पाहिलं." कप्तानाने शिव्या हासडल्या आणि वेढा उठवला. वाटेवरचे पहारे तेवढे राहिले.

वेंडलर समुद्राकडे निघाला. राजाची कोरीव लाकडी बैठक बिनलाने त्याला आठवण म्हणून दिली, ती वाहायला एक माणूसही दिला. त्या माणसाच्या तोंडाला राख फासलेली होती.

"सुतकात आहे. बोलायचा नाही तो," ती म्हणाली.

वेंडलरने आदराने मान हलवली आणि तो पुढे झाला. बिनलाने बैठक त्या माणसाच्या पाठीवर आवळून बांधली आणि त्याच्या कानाशी वाकली.

"दादा, मान खाली घाल. ओझेवाले असे ताठ चालत नाहीत."