हात दाखव

पाना पुन्हा घसरला आणि धाकटीची बोटं लोखंडावर आपटली. ती गाडीखाली उताणी पडली होती. पुढची चाकं लोखंडी उतारांवर चढवलेली, मागच्या चाकांना विटा लावलेल्या. नाकापासून वीतभर वर ऑइल फिल्टरचं हाउसिंग होतं. फिल्टर ज्यात बसतो ती उपडी काळी वाटी, आणि ती ढिम्म हलत नव्हती. गेल्या वेळी तेल गळेल या भीतीने तिनेच ती गरजेपेक्षा जास्त आवळली होती. आता स्वतःच्याच ताकदीशी कुस्ती चालली होती.

"अजून मेलीच आहे का गं ती?" बाहेरून आईचा आवाज आला.

"बंद आहे, आई."

"कळायचं कसं? गाडी आहे की मांजर? पाऊलच वाजत नाही."

धाकटीला हसू आलं. गाडी हायब्रीड होती, चालू असली तरी बॅटरीवर गप्प उभी राहायची. मनात आलं की मध्येच इंजिन सुरू करायची. आईचा तिच्यावर पहिल्या दिवसापासून राग होता. आईचं अर्धं आयुष्य पुस्तकबांधणीच्या कारखान्यात, कागद कापायच्या यंत्रापाशी गेलं होतं. ते यंत्र चालू झालं की जमीन हादरायची. तिथून आई दहाच्या दहा बोटं शाबूत घेऊन निवृत्त झाली, याचा तिला अजून अभिमान होता. बाकी बरंच विसरली होती. सकाळी मुलांना ओळखायची, दुपारी ओळखेलच असं नाही. कोणी घरात आलं की मात्र "हात दाखव" म्हणायची. सगळे आपले निमूटपणे हात धुऊन यायचे.

पान्याखालचे कंगोरे झिजायला लागले होते. पाना अजून एकदा घसरला असता तर हाउसिंग फोडूनच काढावं लागलं असतं. इंजिन गार होतं. थोडं तापलं तर हाउसिंगमधलं रबरी कडं मऊ पडेल, असा विचार करून ती सरपटत बाहेर आली. हीटर पूर्ण सोडला की ही गाडी झक मारत इंजिन चालू ठेवते, हे तिने शोधून काढलं होतं.

डॅशबोर्डवरची किल्लीची खाच रिकामी होती.

गाडीचा बल्ब बदलला त्या दिवशी किल्ली अशीच गायब झाली होती. ब्रेक तपासले त्या दिवशीही. संध्याकाळी टेबलावर आपोआप सापडली होती. "किल्ल्या लपवायला लागली," दादा म्हणाला होता, "म्हणजे उद्या गॅस उघडा ठेवेल. तू दिवसभर कामावर. मी एक चांगली जागा बघून ठेवलीय, तिथे तिच्याकडे बघायला माणसं आहेत. पुन्हा किल्ली गेली की तू हट्ट सोडायचास." तिने हो म्हटलं होतं.

फोन वाजला. हात तेलकट म्हणून तिने कोपराने स्पीकर लावला.

"निघालोय मी," दादा म्हणाला. "झालं का तेल?"

खोटं बोलायचं तिच्या ओठांवर आलं होतं. "किल्ली सापडत नाहीये, दादा."

"मग आपलं काय ठरलंय?" त्याचाही आवाज पडला होता.

फोन चालूच ठेवून ती आईच्या खुर्चीसमोर गुडघ्यांवर बसली. आईची उजवी मूठ शालीखाली होती. घट्ट.

"दे ना गं किल्ली. पाया पडते तुझ्या."

आईने तिच्याकडे परक्या माणसाकडे बघावं तसं पाहिलं. बोलली मात्र अगदी समजुतीने.

"नाही हो ताई, देता यायची नाही. माझी धाकटी गाडीखाली आहे."

धाकटीने वळून गाडीखालच्या रिकाम्या जागेकडे पाहिलं.

"आतल्या माणसाचे दोन्ही हात दिसल्याशिवाय किल्ली सोडायची नसते," आई म्हणाली. "आमच्याकडे तोच नियम होता. तुम्हाला घाई असेल तर थांबा जरा. येईल ती."

दादाने फोनवर सगळं ऐकलं होतं. तो म्हणाला, "बसलीस काय अशी? जा की गाडीखाली."

ती गेली. पाठ टेकवली, डोळे पुसले. त्यामुळे गालाला तेल फासलं गेलं. मग तिने हाक मारली, "आई, मी येतेय गं बाहेर!"

"हात दाखव."

बाहेर येऊन तिने काळे झालेले दोन्ही पंजे आईपुढे धरले. आईने ते उलटेसुलटे करून पाहिले, एकेक बोट चाचपलं, आणि मूठ उघडली. किल्ली कोमट झाली होती.

हीटर लावून इंजिन चांगलं तापवलं. गाडी बंद केल्यावर धाकटीने स्वतःहून किल्ली आईच्या हातात ठेवली आणि तिची बोटं एकेक करून मिटली.

"आत जातेय मी."

"जा. मी आहे."

पाना बसवला. तिने श्वास रोखून जोर लावला. कट् असा आवाज झाला आणि इतका वेळ अडून बसलेलं हाउसिंग मुकाट्याने फिरलं. कोमट तेलाची धार भांड्यात पडू लागली.

ती बाहेर आली तेव्हा आई खुर्चीतून पुढे झुकून वाटच बघत होती. दोन्ही हात पाहून झाले. मग आईने इकडेतिकडे पाहिलं, तिला जवळ ओढलं आणि हळूच सांगितलं,

"मघाशी कोण एक बाई आली होती किल्ली मागायला. रडवेली झाली होती बिचारी. पण मी नाही दिली."